गाठ आकसण्याआधी

केमोचा दुसरा डोस होतो, केस गळू लागतात, तोंडाची चव जाते, आणि घरची माणसे डॉक्टरांना एकच गोष्ट विचारतात: औषधाला गुण येतोय का? प्रश्न साधा आहे. पण स्तनाच्या कर्करोगावर काम करणारे जगभरचे संशोधक गेली तीस-पस्तीस वर्षे याच प्रश्नाभोवती फिरत आहेत, आणि सगळ्या रुग्णांना पुरेल असे उत्तर अजून कुणाच्या हाती आलेले नाही. हा लेखसंग्रह त्या शोधाविषयी आहे. गाठ केवढी आहे हे मोजत बसण्याऐवजी ती गाठ आत किती साखर खाते, किती वेगाने जगते, हे बाहेरून पाहायचे आणि औषध लागू पडते आहे की नाही हे पहिल्या एक-दोन डोसांतच ओळखायचे, असा हा प्रयत्न आहे.

नशिराबाद हे जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले, हमरस्त्यावरचे गाव. इथे दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे कर्करोगाचा उपचार होत नाही. त्यासाठी बाई जळगावला, छत्रपती संभाजीनगरला, नाशिकला, नाहीतर थेट मुंबईला परळला जाते. आमच्याकडे येते ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल. ताप आला, तोंड आले, पांढऱ्या पेशी उतरल्या की दोन डोसांच्या मधल्या दिवसांत ती पिशवी आमच्या टेबलावर उघडते. तिच्यात सोनोग्राफीचा कागद असतो, बायोप्सीचा असतो, आणि अलीकडे कधी कधी पेट स्कॅनचा रिपोर्टही असतो. मुलगा एका आकड्यावर बोट ठेवून विचारतो, "आधी सात होतं, आता तीन आलंय. म्हणजे बरं ना?" त्याला दोन वाक्यांत पण खरे उत्तर द्यायचे, तर त्या आकड्यामागचे बरेच काही आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. मराठीत ते एका जागी सापडत नव्हते, म्हणून लेखकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी लगेच होकार दिला.

विषयात शिरण्याआधी उपचाराचा क्रम समजून घ्यायला हवा. पूर्वी तो ठरलेला होता: आधी ऑपरेशन, मग बाकीचे. १९७०च्या दशकात इटलीतल्या मिलान शहरात जियानी बोनाडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्या गाठी कापून काढण्यापलीकडे गेल्या होत्या त्यांना आधी औषधे देऊन पाहिली. गाठी आकसल्या, त्यांतल्या काही कापण्याजोग्या झाल्या. पुढे १९८८ साली अमेरिकेत एनएसएबीपी बी-१८ ही मोठी चाचणी सुरू झाली. ज्यांचे ऑपरेशन लगेच होऊ शकत होते अशा बायकांपैकी निम्म्यांना केमो आधी आणि निम्म्यांना नंतर दिली. किती जगल्या यात फरक पडला नाही, पण आधी केमो घेतलेल्यांपैकी जास्त जणींचा स्तन वाचवता आला. या क्रमाचा आणखी एक फायदा पुढे लक्षात आला. गाठ जागेवर असताना औषध दिले, तर औषधाचा परिणाम तपासता येतो. गाठ आधीच काढून टाकली असेल, तर औषध कशावर चालले आणि कशावर चालले नाही हे कळायला मार्गच उरत नाही.

खान्देशातल्या बायांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा निवडीचा नसतो, नाइलाजाचा असतो. कापूस वेचणीचा हंगाम जाऊ दे, पोरीचे लग्न होऊ दे, असे करता करता चार-पाच सेंटीमीटरची गाठ घेऊन बाई येते. काखेतही गाठी लागतात. मग आधी केमो. साधारण हिशेब असा की दर २१ दिवसांनी एक, असे आठ डोस. पहिल्या चारांत लाल रंगाचे औषध असते. त्याची मात्रा जन्मभरात ठरावीक मर्यादेपलीकडे नेता येत नाही, कारण ते हृदयावर येते. आठ डोस म्हणजे जवळजवळ सहा महिने. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. स्तनात आणि काखेतल्या गाठींत आक्रमक कर्करोगाचा मागमूस नसेल, तर त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. पॅट्रिशिया कोर्टाझार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बारा चाचण्यांतल्या सुमारे बारा हजार रुग्णांची माहिती एकत्र करून दाखवले, की असा पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या बायका पुढे जास्त काळ निरोगी राहतात. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही ग्राहक आणि हर-टू प्रथिन यांतले काहीच नसलेला) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन जास्त असलेला) या प्रकारांत हे नाते सगळ्यांत पक्के दिसते.

निकाल चोख, पण मिळतो सहा महिन्यांनी. तोवर सगळे डोस संपलेले असतात. ज्या बाईला त्या औषधाचा उपयोग होणारच नव्हता, तिनेही ते सगळे सोसलेले असते.

मधल्या काळात डॉक्टर काय करतात? हाताने चाचपतात, टेपने मोजतात, सोनोग्राफी करतात. २००० साली आलेल्या रेसिस्ट निकषांप्रमाणे गाठीची लांबी ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद मिळाला असे धरतात. पण आकार फार सावकाश बदलतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तणनाशक फवारल्यावर तण त्या दिवशी आडवे पडत नाही, चार-सहा दिवस हिरवेगार दिसते. आतून त्याचे पोषण मात्र कधीच थांबलेले असते. गाठीचेही असेच होते. पेशी मरतात, पण त्यांच्या जागी चिवट धाग्यांसारख्या ऊतींचा गोळा शिल्लक राहतो आणि बोटांना तो गाठीसारखाच लागतो. उलट कधी गाठ आकसलेली दिसते आणि आत विखुरलेली कर्करोगाची बेटे जिवंत असतात. म्हणून आकाराच्या आधी बदलते ते पाहावे, असा विचार पुढे आला. आकाराच्या आधी बदलते ते चयापचय.

या विचाराची मुळे शंभर वर्षे जुनी आहेत. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांना आढळले की कर्करोगाची पेशी भरपूर प्राणवायू मिळत असतानाही साखर आंबवून तिचे लॅक्टिक आम्ल करते, आणि त्यासाठी निरोगी पेशीपेक्षा कितीतरी जास्त साखर ओढते. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने अमेरिकेत कोंबडीवर एक सुंदर प्रयोग केला. एका पंखावर गाठ, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त होते. आजच्या पेट स्कॅनमागचे तत्त्व त्या कोंबडीच्या पंखात पूर्ण दिसते, फक्त सुई टोचून रक्त काढण्याची गरज पुढे संपली. (वॉरबर्ग यांनी यावरून काढलेला निष्कर्ष, की पेशीची श्वसनयंत्रणा बिघडल्यामुळेच कर्करोग होतो, पुढे टिकला नाही. त्यांनी पाहिलेले मात्र खरे ठरले.)

दरम्यान लुई सोकोलॉफ मेंदू किती साखर वापरतो हे मोजण्याच्या खटपटीत होते. साखरेच्या रेणूत किंचित बदल केला तर पेशी तो आत घेते, त्यावर फॉस्फेटचा एक शिक्काही मारते, पण पुढे पचवू शकत नाही आणि सहजी बाहेरही टाकू शकत नाही. रेणू आत अडकून बसतो. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इडो, जोआना फाउलर, आल्फ्रेड वुल्फ यांनी अशा साखरेला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडले. तेच आजचे एफडीजी. ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ते पहिल्यांदा माणसाला टोचले. औषध ब्रूकहेवनला तयार झाले आणि विमानाने फिलाडेल्फियाला नेले गेले. घाई करणे भागच होते, कारण फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पहिल्याच डोसाला जी अडचण आली, ती जळगावच्या रुग्णाला आजही येते. तिच्याकडे पुढे येतो.

आपल्याकडची परंपराही या विषयाला परकी नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. तिथे वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोगाच्या पॅथॉलॉजीचा पाया घातला. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. त्यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केले, भारतात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कर्करोगाची पेशी आतून कशी चालते हा प्रश्न मुंबईतली एक मराठी बाई त्या काळात विचारत होती, हे आपल्या मुलींना शाळेत सांगितले पाहिजे. १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळलाच सुरू झाले. २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी फ्लोरिन तयार करणारे यंत्र) आणि पहिले पेट यंत्र तिथे बसले. त्या केंद्रातले संदीप बसू यांनी पुढे त्याच अबास अलावी यांच्यासोबत एफडीजीवर विपुल लेखन केले. दिल्लीला एम्समध्ये एन. आर. जगन्नाथन यांच्या गटाने २००१ साली वेगळी वाट दाखवली. एमआरआयच्याच यंत्रात स्पेक्ट्रोस्कोपी करून गाठीतले कोलिन मोजायचे. केमो लागू पडली की ते उतरते. किरणोत्सारी औषधाची गरज नाही. देशातल्या या कामाचा उल्लेख परदेशी पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेला असतो. इथे त्याला त्याची जागा मिळाली आहे.

पेट स्कॅनची सकाळ कशी जाते, ते एकदा तपशिलात सांगतो, कारण आकडा खरा येणे न येणे त्या सकाळीच ठरते. बाईने चार ते सहा तास उपाशी राहायचे. आमच्याकडे उपाशी म्हटले की साबुदाण्याची उसळ आणि गोड चहा चालतो असे कित्येकींना वाटते. इथे दोन्ही चालत नाही, फक्त पाणी. रक्तातली साखर तपासतात. ती २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, कारण रक्तातली साखर आणि टोचलेली साखर यांची पेशीत शिरण्यासाठी चढाओढ लागते, आणि गाठ खोटीच शांत दिसते. मधुमेही बाईने इन्सुलिन कधी घ्यायचे हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे. सुई ज्या बाजूला गाठ आहे तिच्या उलट हाताला टोचतात. औषध शिरेबाहेर सांडले तर ते काखेतल्या गाठींत जमते आणि रोग पसरल्याचा भास होतो. नंतर सुमारे तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचे, उबदार पांघरूण घेऊन. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी साखर जाळू लागते आणि तिथेही उजेड दिसतो. मग लघवी करून यंत्रात झोपायचे. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोन्ही नाहीसे होतात आणि एकमेकांच्या उलट दिशेने दोन किरण सुटतात. यंत्राचे कडे ते दोन्ही किरण एकाच क्षणी टिपते आणि ते कुठून निघाले हे शोधते. घरी गेल्यावर काही तास तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊ नये, गरोदर सुनेजवळ बसू नये. हे शेवटचे सांगायचे राहून जाते, आणि आजीला नेमके तेच करायचे असते.

रिपोर्टमधला तो सात आणि तीनचा आकडा म्हणजे एसयूव्ही. टोचलेले औषध सगळ्या शरीरात सारखे पसरले असते तर जेवढे असते, त्याच्या किती पट गाठीत साठले, हे तो सांगतो. सातावरून तीनवर येणे म्हणजे निम्म्याहून जास्त घट. पण पहिला स्कॅन टोचल्यानंतर ६० मिनिटांनी आणि दुसरा ९० मिनिटांनी केला, पहिला एका शहरात आणि दुसरा दुसऱ्या शहरातल्या वेगळ्या यंत्रावर केला, तर त्या घटीवर किती विसंबायचे? शक्यतो तेच केंद्र, तेच यंत्र, तीच वेळ, हा नियम घरच्यांनीही लक्षात ठेवावा. आणि पहिला डोस सुरू होण्याआधीचा स्कॅन नसेल, तर नंतरच्या स्कॅनची तुलना कशाशीच होत नाही.

प्रतिसाद ओळखण्यासाठी एफडीजी वापरण्याची सुरुवात १९९३ ची. मिशिगन विद्यापीठात रिचर्ड वॉल यांनी अवघ्या अकरा बायकांवर अभ्यास केला. ज्यांना औषध लागू पडणार होते, त्यांच्या गाठीचे साखर घेणे आठव्या दिवशीच उतरलेले होते, आकार बदलण्याच्या कितीतरी आधी. २००० साली ॲबर्डीन आणि म्युनिक इथल्या गटांनी ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीशी ताडून पाहून याला दुजोरा दिला. किती घट झाली म्हणजे प्रतिसाद मानायचा, यावर १९९९ मध्ये युरोपातल्या ईओआरटीसी या कर्करोग-संशोधन संस्थेने आणि २००९ मध्ये वॉल यांच्याच गटाने पर्सिस्ट नावाने निकष सुचवले. या क्षेत्राचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत अनुभवी पंथ.

दुसरा पंथ म्हणतो, साखर फार ढोबळ आहे. सूज आली तरी साखर खपते. म्हणून पेशी दुपटीने वाढताना जे थायमिडिन वापरते त्याचे रूप, एफएलटी, टोचून पाहावे. किंवा एफईएस हे खुणेचे इस्ट्रोजेन टोचून हार्मोनचे ग्राहक जागे आहेत का ते पाहावे. एफईएसला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तिसरा पंथ एमआरआयवाल्यांचा. जगन्नाथन यांचे कोलिन त्यातच येते, आणि अगदी नवे म्हणजे अतिध्रुवीकृत कार्बन-१३: विशेष तयार केलेले पायरुव्हेट टोचायचे आणि ते गाठीत लॅक्टेट कसे होते हे डोळ्यांदेखत पाहायचे. केंब्रिजच्या गटाने २०२० साली स्तनाच्या कर्करोगात ते करून दाखवले. वॉरबर्ग यांनी काचेच्या भांड्यात पाहिलेली क्रिया जिवंत बाईच्या शरीरात दिसू लागली.

चौथा पंथ प्रकाशाचा आहे, आणि माझे मन त्याच्याकडे ओढले जाते हे मी लपवत नाही. ब्रिटन चान्स यांनी काही दशकांपूर्वी दाखवले होते, की पेशीतले एनएडीएच आणि एफएडी हे दोन रेणू ठरावीक प्रकाशात स्वतःहून चमकतात, आणि त्यांच्या चमकेच्या प्रमाणावरून पेशी ऊर्जा कशी मिळवते ते कळते. मेलिसा स्काला यांच्या गटाने याच पायावर रुग्णाच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून, त्याच्यावर वेगवेगळी औषधे घालून, दोन-तीन दिवसांत कोणते लागू पडेल याचा अंदाज घेण्याची पद्धत विकसित केली. म्हणजे औषधाची परीक्षा बाईच्या शरीराबाहेर. कॅलिफोर्नियात ब्रूस ट्रॉमबर्ग यांच्या गटाने वेगळेच केले. हातात धरायचे उपकरण स्तनावर टेकवून जवळ-अवरक्त प्रकाशाने रक्त, पाणी, चरबी यांचे प्रमाण मोजायचे. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की प्रतिसाद देणाऱ्या गाठींत केमोच्या दुसऱ्याच दिवशी प्राणवायूयुक्त रक्ताचे प्रमाण एकदम वाढते. ना सायक्लोट्रॉन, ना किरणोत्सार, ना उपास. हे सगळे अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. पण तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कधी काही पोचायचे असेल, तर ते या वाटेने पोचेल असे मला वाटते.

इथे एक सावधगिरी. "उतरले म्हणजे चांगले, चढले म्हणजे वाईट" हा नियम सरसकट लावला तर फसगत होते. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत काहींच्या गाठी जास्तच साखर खाऊ लागतात, आणि पुढे त्यांनाच गुण येतो. जोआन मॉर्टिमर यांच्या २००१ मधल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. घाबरून अशा वेळी गोळ्या बंद केल्या तर ज्या बाईला फायदा होत होता तिचेच नुकसान. शिवाय लोब्युलर प्रकारच्या आणि संथ वाढणाऱ्या हार्मोन पॉझिटिव्ह गाठी मुळातच साखर कमी खातात. तिथे आधीच मंद असलेला दिवा किती विझला हे सांगणे कठीण.

आता खरा वाद. औषध लागू पडत नाही हे लवकर कळले, तर पुढे काय करायचे? हातात दुसरे चांगले औषध नसेल, तर लवकर कळण्याने फक्त काळजी वाढते. जर्मनीतल्या गेपारट्रिओ चाचणीत दोन हजारांवर बायकांची दोन डोसांनंतर सोनोग्राफी केली आणि ज्यांना गुण दिसत नव्हता त्यांतल्या काहींचे औषध बदलले. ऑपरेशनच्या वेळी पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण त्याने वाढले नाही. काही वर्षांनी पाहिले तेव्हा मात्र औषध बदललेल्यांमध्ये रोग परतण्याचे प्रमाण कमी होते. फ्रान्समधल्या अव्हाटॅक्सहर चाचणीने २०१४ मध्ये हर-टू पॉझिटिव्ह बायकांत पहिल्याच डोसानंतर पेट करून, ज्यांची घट पुरेशी नव्हती त्यांतल्या काहींना जादा औषध दिले. पूर्ण प्रतिसाद २४ टक्क्यांवरून जवळजवळ ४४ टक्क्यांवर गेला. ते औषध पुढे स्तनाच्या कर्करोगात नेमाचे झाले नाही, पण स्कॅन पाहून उपचार वळवता येतो हे सिद्ध झाले.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती फरगेन चाचणी, कारण तिने प्रश्नच उलटा विचारला: कुणाला केमो लागतच नाही? युरोपातल्या ३५६ हर-टू पॉझिटिव्ह बायका. त्यांतल्या २८५ जणींना केमोशिवाय, फक्त ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही नेमकी मारा करणारी औषधे (गरज असेल तिथे हार्मोनच्या गोळ्याही) देऊन सुरुवात केली. दोन डोसांनंतर पेट. साखर घेणे ४० टक्क्यांनी किंवा जास्त उतरले असेल तर तेच पुढे चालू, नाहीतर केमो. दहांतल्या आठजणींची घट पुरेशी निघाली. त्यांतल्या ३८ टक्के बायांना ऑपरेशनच्या वेळी पूर्ण प्रतिसाद मिळाला आणि त्यांनी केमो घेतलीच नाही. २०२४ मध्ये तीन वर्षांचा निकाल आला: या २८५ जणींच्या गटातल्या जवळजवळ ९५ टक्के बायका आक्रमक रोग न परतता जगत होत्या, केमो पूर्ण टळलेल्यांत हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या जवळ होते. एका स्कॅनच्या आधारावर केस, नसा, पांढऱ्या पेशी, महिनोन्‌महिन्यांची मजुरी वाचली. या विषयाचे महत्त्व कुणी विचारले तर मी हीच चाचणी सांगेन.

तरीही जगातल्या प्रमुख मार्गदर्शिकांनी केमोच्या मधला पेट स्कॅन नेमाची तपासणी म्हणून अजून स्वीकारलेला नाही, आणि ते योग्य आहे. किती घट म्हणजे पुरेशी, कितव्या दिवशी मोजायची, कोणत्या प्रकारात किती विश्वास ठेवायचा, यावर एकमत नाही. पॅथॉलॉजिस्टांचा आक्षेपही ऐकण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये मिच डाउसेट यांच्या गटाने दाखवले, की हार्मोनची गोळी दोन आठवडे देऊन पुन्हा सुई घालून घेतलेल्या तुकड्यात पेशींच्या वाढीचा वेग सांगणारे केआय-६७ किती उतरले हे पाहिले, तर पुढचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. सुई आणि चांगली पॅथॉलॉजी लॅब, एवढ्यावर भागते. या संग्रहात चयापचयाच्या बाजूचा उत्साह आहे तसा हा आक्षेपही जागेवर ठेवला आहे, हे मला आवडले.

आता तो ११० मिनिटांचा प्रश्न. सकाळी सहाला मुंबईत तयार झालेले एफडीजी दुपारी बाराला जळगावला पोचले, तर त्याची ताकद जेमतेम दशांश उरते. म्हणून सायक्लोट्रॉनपासून लांब राहणाऱ्या रुग्णानेच यंत्राकडे जायचे. एक स्कॅन म्हणजे आदल्या रात्रीची गाडी, परळ-दादर भागात कुणाच्या तरी ओळखीने राहणे, नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळण्याची वाट पाहणे, सोबत आलेल्या माणसाचा रोज बुडणे. केमो आणि ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते, पण बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्या स्कॅनच्या निकालाने उपचारात काही बदलणार आहे तोच करावा. "निकाल असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल?" हे डॉक्टरांना आधी विचारावे. दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो पैसा खाण्यापिण्याला आणि औषधाला ठेवावा. पण उत्तरे वेगळी असतील, विशेषतः हर-टू पॉझिटिव्ह रोगात, तर खर्चाकडे पाहून मागे हटू नये. ट्रास्टुझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ पासून बाजारात आहे. औषध आवाक्यात येत असताना ते कुणाला पुरेल आणि कुणाला नाही हे ओळखण्याचे साधनही आपल्या जिल्ह्यांपर्यंत यायला हवे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांहून जास्त दगावल्या. म्हणजे नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त मृत्यू. कोणताही स्कॅन एकट्याने हा आकडा बदलणार नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखावर बायकांवर वीस वर्षे चाचणी केली. तीत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. चयापचयाच्या चित्रांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिणे मला गरजेचे वाटते. गाठ वेळेवर सापडली तरच "औषधाला गुण येतोय का" हा प्रश्न विचारायला सवड मिळते.

संग्रहातले लेख डॉक्टरांपुरते लिहिलेले नाहीत. जळगाव आणि धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी, नर्सिंगच्या मुली, स्कॅन सेंटरमधले तंत्रज्ञ, आणि हातात फाइल घेऊन बाकावर बसलेला मुलगा किंवा नवरा, यांना समोर ठेवून लेखकांनी लिहिले आहे. भौतिकशास्त्राचा भाग थोडा जड आहे. पहिल्या वाचनात तो ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. रिपोर्ट कसा वाचावा हा भाग मात्र ओलांडू नका. पुस्तक वाचून कुणी स्वतःच औषध बदलू नये किंवा बंद करू नये, हे लेखकांनी बजावले आहेच, मीही बजावतो. पुस्तकाचा उपयोग डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारण्यासाठी करा.

आणि एक विनंती. हे वाचत असलेल्या एखाद्या बाईला स्वतःच्या छातीत किंवा काखेत गाठ लागत असेल, तर पुस्तक इथेच मिटावे आणि दुखत नाही म्हणून न थांबता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बाकीची पाने नंतर वाचता येतील.

नशिराबाद, जि. जळगाव